काळ्या अस्तराची पट्टी

रोज दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की आई मशीनवर येऊन बसायची, भिंतीतल्या खिळ्यावरची काळी पट्टी काढायची आणि स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधायची. "चला, निघाले मी," असं म्हणायची आणि शिवायला लागायची.

पट्टी कुणाच्या तरी कोटातून उरलेल्या अस्तराची होती. डोळे चांगले ठणठणीत, सुईत दोरा एका झटक्यात ओवला जातोय, आणि तरी ही बाई रोज दुपारी घटकाभर आंधळी होऊन काढायची. लेकीला यात काही जगावेगळं आहे हे बरेच दिवस कळलंच नव्हतं. तिला वाटायचं, सगळ्यांच्याच आया दुपारी पट्टी बांधतात. एकदा मैत्रिणीच्या घरी गेली, तर तिची आई उघड्या डोळ्यांनी स्वेटर विणत बसलेली. लेकीनं काळजीनं विचारलं, "काकू, तुमची पट्टी हरवली का?"

घर म्हणजे रस्त्याच्या बाजूला एक लांबट खोली, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे निजायची खोली, आणि मागच्या अंगणापलीकडे न्हाणी. पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीकडची निम्मी बाजू बाबांची, कारण बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि उजेडावर पहिला हक्क त्यांचा. आतल्या भिंतीकडची निम्मी आईची. तिथे तिचं शिवणयंत्र, कापडांचा ढीग आणि बटणांचा पत्र्याचा डबा. गल्लीत आईला सगळे शिंपीणमावशी म्हणायचे आणि बाबांना घड्याळकाका. लेक एका जागी कधी बसायची नाही म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं होतं स्प्रिंग. ते नाव पुढे ती लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तरी सुटलं नाही.

आता या पट्टीचं कारण. आईची आई पन्नाशीच्या आतच आंधळी झाली होती, आणि तिची बहीणही. घराण्यातच होतं ते. आईनं लहानपणी आपल्या आईला कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेलं पाहिलं होतं. एके काळी घर डोक्यावर घेणारी बाई, हातपाय धडधाकट, पण दिसेनासं झालं तशी ती खाटेवर जी बसली ती बसलीच. जाणाऱ्या-येणाऱ्याला फक्त विचारायची, "उजाडलं का गं?" पाण्याचा पेला हातात दिला तर प्यायची, नाही दिला तर तहानलेली राहायची. घरात पेला कुठे असतो हे तिला डोळ्यांनी माहीत होतं, हातांना माहीत नव्हतं.

आई म्हणायची, "ते बघून मी ठरवलं. आपल्यावर वेळ येणारच आहे, तर मी खाटेवर बसणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची आपल्याला सवय असते. मी आधीच खणून ठेवणार."

समोरच्या बेकरीवाल्या बाईला हे मुळीच पसंत नव्हतं. ती पाव द्यायला यायची आणि पट्टी बांधलेली आई दिसली की दारातूनच कपाळावर हात मारून घ्यायची. "अगं बाई, सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस? हे विकतचं दुखणं झालं. देवावर भरवसा म्हणून काही आहे की नाही तुझा?"

आई पट्टी न सोडताच आवाजाच्या दिशेनं तोंड करायची. "भरवसा आहे म्हणून तर करतेय. त्यानं मला आईचे हाल दाखवले आणि ते बघून समजायची अक्कलही दिली. आता ही अक्कल मी जपून ठेवली आणि मरताना जशीच्या तशी परत नेऊन दिली, तर तो म्हणेल, एवढं चांगलं कापड दिलं होतं तुला, साधी घडी पण मोडली नाहीस?"

पाव ठेवून बेकरीवाली निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलायची.

बाबांचं वेगळंच. नवऱ्याला चेष्टा करायला कारण लागत नाही, बायको असली की पुरते. त्यात ही स्वतः डोळे बांधून बसणारी. बाबांना तर रानच मोकळं मिळालं. "आमची आंधळी कोशिंबीर बसली बघ," असं ते लेकीला डोळा मारून म्हणायचे. आईच्या मागच्या फळीवर लाडवांचा डबा असायचा. पट्टी बांधली की बाबा चोरपावलांनी जाऊन त्यातला एक उचलायचे, अर्धा लेकीला द्यायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं!"

"कुत्र्याला म्हणावं, झाकण नीट लाव," आई मशीन न थांबवता म्हणायची.

आणि खरं सांगायचं तर चेष्टा करण्यासारखं घडायचंही. एकदा तिनं मास्तरांच्या सदऱ्याला बाही जोडताना स्वतःच्या झग्याची बाहीही त्यातच शिवून टाकली. मास्तर सदरा न्यायला दारात उभे, आणि आईला उठताच येईना. बाबा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मास्तर, सदरा तयार आहे. पण जोडून बाई न्यावी लागेल." मास्तर बिचारे लाजून लाल झाले. आई इतकी हसली की टाके उसवायला लेकीला बोलवावं लागलं.

पण हळूहळू हात तयार होत गेला. दोऱ्याच्या रिळांना तिनं गाठी मारल्या होत्या. पांढऱ्याला एक, काळ्याला दोन, मग पुढचे रंग. मिठाच्या बरणीला रबरी कडं होतं, साखरेच्या बरणीला नव्हतं. कात्री उजव्या हाताला ती उजव्या हातालाच, इकडची तिकडे झालेली चालायची नाही. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत तिनं कमरेच्या उंचीवर दोरी बांधून घेतली होती. लोकांना वाटायचं कपडे वाळत घालायची आहे, फक्त जरा खालीच बांधली आहे.

एकदाच बाबांची चेष्टा अंगाशी आली. आई पट्टी बांधून स्वयंपाकघरात निघाली होती, आणि गंमत म्हणून बाबांनी वाटेत स्टूल सरकवून ठेवलं. आई तोंडावर पडली. मनगट सुजून टम्म झालं. तिनं पट्टी सोडली नाही, चाचपडत स्टूल उचललं आणि जागेवर नेऊन ठेवलं. बाबा तिथेच उभे होते. त्या दिवसापासून त्या घरातली वस्तू कुणी हलवली नाही, आणि लाडू चोरायचा असला तरी बाबा झाकण नीट लावू लागले.

बाबांचाही एक नियम होता. घड्याळातला एखादा स्क्रू, एखादं चिमुकलं चाक चिमट्यातून निसटून खाली पडलं की ते ओरडायचे, "हलू नका!" मग घरात जो जिथे असेल तो तिथेच थिजायचा. आईचा पाय पायडलवर अधांतरी. लेक एका पायावर. गिऱ्हाईक असलं तर तेही दाराच्या चौकटीत पुतळा होऊन उभं. बाबा गुडघ्यांवर बसायचे आणि तळहात जमिनीवरून अलगद फिरवत न्यायचे, टेबलापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून परत. नजरेपेक्षा तळहाताला लवकर सापडतं, असं त्यांचं म्हणणं. सापडलं की ते "हं" म्हणायचे आणि सगळं घर पुन्हा चालू व्हायचं. बाबांच्या हातून काही पडलं आणि हरवलं, असं लेकीनं कधी पाहिलं नाही.

किती चांगले दिवस होते ते! अंगावर असताना कळले नाहीत, ही गोष्ट वेगळी. एकीकडून मशीनचा खडखडाट, दुसरीकडून भिंतीभर घड्याळांची टिकटिक, समोरून पावाचा वास, आणि मधे लेक आपली नुसती उड्या मारतेय. आजही कुठे शिवणयंत्राचा आवाज आला की ती चालता चालता थांबते.

आईचं वय वाढत चाललं तशी ती दर संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, सुईत दोरा ओवून बघायची. दोरा ओवला जायचा. "अजून आहे," ती म्हणायची. सगळं घर तिच्या डोळ्यांवर डोळा ठेवून होतं. चूक झाली ती इथेच.

बाबा हल्ली भिंग फार वेळा पुसायचे. मग म्हणायला लागले की या दिव्यात काही दम नाही. मोठा दिवा आणला. मग त्याहून मोठा. टेबल खिडकीच्या आणखी जवळ ओढलं. एका गिऱ्हाइकाला घड्याळ परत दिलं, तर तासकाटा मिनिटकाट्याला घासत होता. बाबांनी काट्यांना दोष दिला. डोळ्यांत तेल घालून काम करणारा माणूस, आणि त्याच्या हातून असली चूक? पण कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. आई दोन हातांच्या अंतरावर डोळ्यांना पट्टी बांधून आपला अंधार घोटून घोटून पाठ करत होती, आणि शेजारी बाबांना खराखुरा अंधार घेरत होता. त्यांनीही तो लपवला. घड्याळजीनं दिसत नाही म्हणून सांगायचं म्हणजे दुकानाला कुलूपच लावायचं की!

मग एका सकाळी त्यांनी चहाचा कप घ्यायला हात पुढे केला आणि हात कपाच्या बाजूनं हवेत गेला. पुन्हा केला, पुन्हा गेला. आई बघत राहिली. तिनं कप उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "कपडे घाला. डॉक्टरांकडे जायचंय."

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलीसुरली जाईल. थोडं आधी आला असतात तर, असंही म्हणाले. डॉक्टरांना ते म्हणावंच लागतं, पण ऐकणाऱ्याला ते जन्मभर पुरतं. परतताना आई बाबांचा हात धरून चालत होती आणि लेक मागून. गल्लीच्या तोंडाशी आई थांबली आणि लेकीला म्हणाली, "देवानं सांगितलं होतं गं. मी ऐकलंही. फक्त कुणासाठी सांगतोय ते विचारायचं राहिलं." एवढं बोलून ती रस्त्यातच रडली. आईला रडताना लेकीनं त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

नजर पुरती गेल्यावर बाबा खिडकीपाशी आपल्या खुर्चीवर जे बसले ते उठेनात. टेबलावर चिमटे, भिंग, उघडी घड्याळं तशीच. बाबा त्यांना हातही लावायचे नाहीत. कुणी भरवलं तर जेवायचे. न्हाणीत जायचं तर हाक मारायचे, आणि हाक मारायची लाज वाटते म्हणून पाणीच कमी प्यायचे. भिंतीवरच्या घड्याळांना किल्ली द्यायलाही उठेनात, आणि ती एकेक करून बंद पडत गेली. बोलणं तर संपलंच. एके दिवशी संध्याकाळी त्यांनी विचारलं, "दिवा लागला का?" आणि स्वयंपाकघरात आईच्या हातातली थाळी खाली पडली. लेकीला कळलं, आई कुठली खाट आठवून इतकी घाबरली ते. माणूस घरातच होता, पण हातचा चालला होता.

आईनं काही दिवस जाऊ दिले. मग एका दुपारी एक कोट आणि बटणांचा डबा घेऊन ती बाबांच्या शेजारी येऊन बसली.

"अहो, या कोटाची बटणं राहिलीत. संध्याकाळी माणूस न्यायला येणार. माझे हात मोकळे नाहीत. तेवढी लावता?"

"चेष्टा करतेस?" बाबा म्हणाले. पुष्कळ दिवसांनी बोललेला शब्द, तो हा.

"जन्मभर तुम्ही केलीत, मी एकदा केली तर काय बिघडलं?" आईनं खिळ्यावरची पट्टी घेतली, डोळ्यांवर बांधली आणि बाबांचा हात उचलून आपल्या चेहऱ्यावर ठेवला. "बघा. बांधलीय. आता मी लावते, तुम्ही माझ्या हातावर हात ठेवा. कापडाची कड अंगठ्यानं धरायची, सुई खालून वर, आणि वरचं बोट आधीच दूर."

बाबांचा हात तिच्या हातावर. एक बटण लागलं. दुसरं लावायला तिनं त्यांच्या हातात सुई दिली. सुई बोटात गेली. पुन्हा गेली. बाबांनी कोट फेकला. "नाही जमणार मला! कळत कसं नाही तुला? मी घड्याळजी होतो. आता कुणी नाही मी. मला बसू दे इथे."

आणि त्याच क्षणी बटणांचा पत्र्याचा डबा टेबलावरून खाली आला. खणखणाट झाला, आणि शेकड्यांनी बटणं खोलीभर उधळली. खुर्चीखाली, मशीनखाली, कोपऱ्यांत, घरंगळत पार उंबऱ्यापर्यंत.

"हलू नका!" बाबा ओरडले.

आई थिजली. लेक स्वयंपाकघराच्या दारात एक पाय उचललेली तशीच राहिली. बाबा खुर्चीवरून उठले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांचे तळहात जमिनीवरून अलगद फिरायला लागले, टेबलापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून परत. बटणं गोळा होत होती आणि गोळा होता होता त्यांची बोटं ती आपसूक वेगळी करत होती, कोटाची इकडे, सदऱ्याची तिकडे, दोन भोकांची एकीकडे आणि चारांची दुसरीकडे. मशीनखाली अर्धं अंग घालून शेवटचं बटण त्यांनी काढलं.

"हं," ते म्हणाले. मग तिथेच जमिनीवर बसून, केसांना धूळ लागलेली, बोटाला रक्त, त्यांनी चेहरा वर केला. "आंधळं दळतंय. कुत्र्याला कुणीतरी हाकला. आणि तो कोट कुठे आहे?"

लेक स्वयंपाकघरात पळाली आणि भांडी आपटत रडली, कारण भांडी आपटली की रडणं ऐकू जात नाही.

डबा पडला की पाडला? लेकीला आयुष्यभर संशय राहिला. आईचे डोळे बांधलेले होते हे खरं. पण डबा कुठे ठेवला होता हे आईच्या कोपराला पट्टी असो नसो ठाऊक होतं. तिनं विचारलंही एकदा. आई म्हणाली, "मला कुठे दिसत होतं?"

पुढची गोष्ट सरळ आहे. जी विहीर आईनं स्वतःसाठी खणली होती, तिचं पाणी बाबा प्यायले. रिळांच्या गाठी त्यांच्या बोटांनी पाठ केल्या. दोरी धरून ते न्हाणीत जाऊ लागले. रबरी कड्याची बरणी मिठाची, हे त्यांना सांगावंही लागलं नाही, कारण इतकी वर्षं चेष्टेच्या निमित्तानं का होईना, त्यांनी ते सगळं बघितलं होतं. काज आणि बटणं हे त्यांचं काम झालं. चिमट्याची सवय असलेली ती बोटं, त्यांचं काज इतकं नेटकं येई की बेकरीवाली नवऱ्याचे धड असलेले सदरेही घेऊन यायची. ती पट्टीबद्दल पुन्हा कधी बोलली नाही, हे तिच्याकडून पुष्कळच झालं. भिंतीवरच्या घड्याळांना बाबा सकाळी उठून स्वतः किल्ली द्यायला लागले आणि घरात पुन्हा टिकटिक सुरू झाली.

आईचे डोळे? ते गेलेच नाहीत. पन्नाशी उलटली, साठी आली, तरी संध्याकाळी दोरा ओवला जायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तुमच्या घराण्यातलं ते तुमच्यापर्यंत आलेलं नाही, निर्धास्त राहा.

तेव्हा लेक माहेरी आली होती. दुपारी जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, आणि बघते तर आई मशीनवर बसून पट्टी बांधतेय. शेजारी बाबा काज करत होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं आईला गाठलं. "आई, आता कशाला गं? डॉक्टर म्हणाले ना, तुला काही होणार नाही. आणि बाबांना तर सगळं येतं आता."

आई पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही. "ते दिवसभर तिथे एकटे असतात गं," ती म्हणाली. "घटकाभर जाऊन बसते त्यांच्यापाशी."

"पण त्यांना दिसतंय का, तू बांधलीस ते?"

"त्यांना कळतं."

दुसऱ्या दिवशी लेकीनं नीट लक्ष दिलं. आईनं पट्टी बांधली, काही बोलली नाही, मशीन सुरू केलं. आवाज एरवीपेक्षा अगदी किंचित सावकाश झाला होता, परक्याला कळला नसता. बाबांची सुई थांबली.

"आलीस?" त्यांनी विचारलं.

"आले," आई म्हणाली. आणि दोघं कामाला लागली.

आई गेली त्या साली लेक बाबांना आपल्या घरी न्यायला आली. बॅग भरायला घेतली, तर बाबा म्हणाले, "स्प्रिंग, वेडी आहेस का? तुझ्या घरात मला पेला कुठे आहे ते कळायचं नाही. इथे तुझ्या आईनं सगळं जागच्या जागी ठेवलंय." त्यांनी स्वतः उठून चहा केला, दोघांचा, आणि साखर बेताची घातली. लेकीनं बॅग रिकामी केली. पण त्यांना इथे एकटं सोडून जायचं कसं, हे तिला सुचेना.

दुपारी जेवणं झाली. तिनं ओटा पुसला. बाबा खुर्चीवर बसून बेकरीवालीच्या नवऱ्याचा सदरा चाचपत होते. मशीनवर धूळ बसली होती आणि पट्टी खिळ्यावर होती, आईच्या बोटांनी कडा मऊ पडलेली. लेक मशीनवर बसली. तिला शिवता फारसं येत नव्हतं, एका जागी बसणंच तिला कधी जमलं नव्हतं. तिनं पट्टी डोळ्यांवर बांधली. सगळं काळं झालं, आणि त्या काळोखात घड्याळं एकदम मोठी ऐकू यायला लागली. तिनं हात पुढे केला, तर कात्री उजवीकडेच होती. तिनं पायडल दाबलं. मशीन अडखळलं, थांबलं, पुन्हा चालू झालं.

बाबांची सुई थांबली.

"आलीस का गं?" मग त्यांनी विचारलं.

"आले, बाबा," लेक म्हणाली.

"मग ती पांढरी रीळ दे. एका गाठीची."